हमणाच्या वेलामागे सहा पावसाळे

मावशींनी खुरप्याचं टोक मातीत घातलं, एक दगड बाजूला सारला आणि दोन बोटांनी चपटा, मातकट कंद बाहेर काढला. सुपारीहून थोडा मोठा. लुगड्याला पुसला, नखानं साल खरवडली आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. "खा. हमण हाय. गुरं राखताना आमचं दुपारचं ह्येच असायचं." कुरकुरीत, पाणीदार, शेवटी जिभेवर किंचित तुरटी. मी खाल्ला, पण पोटात कालवत होतं. त्याच वेलाच्या संवर्धनाचं काम हातात घेऊन मी त्या डोंगरावर गेले होते, आणि पहिल्याच दिवशी एक वेल माझ्या डोळ्यांदेखत संपला होता.

हमण म्हणजे सेरोपेजिया हिर्सुटा, रुईच्या गोतातला केसाळ वेल. कुठे हामण म्हणतात, कुठे खरपुडी. याच गोतातल्या दुसऱ्या वेलांनाही हीच नावं फिरून फिरून मिळतात, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून कंद उकरायला जाऊ नये. फूल मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही. खाली फुगीर तळ, त्यावर अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, मधे खिडक्या सोडून. हुबेहूब कंदील. म्हणूनच पुस्तकी मराठीत सेरोपेजियाच्या सगळ्या जातींना कंदीलपुष्प हे नाव पडलं. लिनियसला त्यात मेणाचं कारंजं दिसलं होतं. १७५३ साली त्यानं दिलेल्या सेरोपेजिया या नावाचा ग्रीकमधला अर्थ तोच. मला कंदील जास्त पटतो.

भारतात सेरोपेजियाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त भारताबाहेर कुठेच नाहीत. सह्याद्रीत तर काही डोंगरांची आपली वेगळी जात आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका २००६ मध्ये विज्ञानाला नवी म्हणून नोंदली गेली, आणि २०१७ मध्ये अंजनेरीचा काही भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेरोपेजियावर अनेक वर्षं काम केलं, दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवल्या. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना तो मोठा आधार होता.

मी सुरुवात दुर्मीळ जातीपासून केली नाही, हे मुद्दाम सांगते. हमण अजून बऱ्याच डोंगरांवर मिळतं. पण ज्या जातीचे एका कड्यावर मोजके वेल उरलेत, तिच्या बिया हाताळताना चूक झाली तर ती भरून निघत नाही. चुका करायच्याच तर हमणावर कराव्यात, त्यातून शिकावं, आणि मग पुढे जावं, असं ठरवलं. ते ठरवलं ते बरं झालं, कारण चुका पुष्कळ झाल्या.

डोंगर जुन्नरच्या पश्चिमेकडचा. याहून जास्त मी लिहिणार नाही. फुलाचा फोटो टाकताना लोक जागेचं नावही टाकतात, आणि पुढच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्या लागतात. एका सड्यावर फोटोसाठी आडवं पडलेल्या माणसांखाली बाजूची कोवळी रोपं चिरडलेली मी पाहिली आहेत. तेव्हापासून जागा सांगायची नाही, हा माझा नेम आहे.

पहिल्या पावसाळ्यात दीड महिना मला स्वतःहून वेल सापडलाच नाही. पानं साधी, समोरासमोर, आणि भोवती सगळं हिरवं. मी मोकळ्या माळावर शोधत होते. मावशी हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मॅडम, उघड्यावर कशाला ऱ्हाईल त्यो? शेरडं ठेवतील व्हय?" आणि काठीनं करवंदीची जाळी बाजूला केली. आत, काट्यांच्या मधोमध, वेल वर चढत गेला होता. त्या दिवसापासून मी जाळ्या मोजायला लागले. सप्टेंबरपर्यंत चौदा जाळ्यांत वेल सापडले. करवंद नसेल तिथे जवळजवळ नाहीच. करवंदी सरपणासाठी तोडली की हमणही जातं, हे कुठल्या पुस्तकात वाचण्याआधी मी त्या डोंगरावर पाहिलं.

जात नक्की करायची तर फूल आतून बघावं लागतं. एका पडवीत बसून मी ब्लेडनं फूल उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. नळीच्या आतल्या अंगाला बारीक केस, सगळे खाली तोंड केलेले. आत जाणाऱ्याला वाट देणारे, परत येणाऱ्याला अडवणारे. खाली फुगीर तळात दोन माश्या होत्या, जिवंत, तिळाहून लहान. एकीच्या तोंडाला पिवळसर रंगाचा जुळा ठिपका चिकटलेला. ती परागांची पुडी होती. रुईच्या गोतात पराग भुकटीसारखे सुटे नसतात, मेणासारख्या पुड्यांमध्ये बांधलेले असतात आणि त्या पुड्या जोडीनं, एका चिमट्याला लटकलेल्या असतात. माशी वासानं येते, आत घसरते, अडकते, धडपडीत तो चिमटा तिच्या तोंडाला बसतो. एखाद्या दिवसानं फुलातले केस सुकतात, फूल झुकतं आणि माशी सुटते. सुटून ती पुन्हा दुसऱ्या कंदिलात शिरली, तरच शेंग धरते. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनीवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन तर असं सांगतं की ते फूल जखमी मधमाशीसारखा वास सोडतं, आणि अशा मधमाश्यांवर पोसणाऱ्या माश्या फसून आत येतात. आमच्या हमणाला कोणत्या माश्या येतात याच्यासाठी मी नंतर दोन पावसाळे कुप्या भरल्या. त्या पडवीत मात्र मी एवढंच केलं की दोन्ही माश्या अंगणात सोडून दिल्या.

नमुने दाबायचं काम पावसात फार जिकिरीचं असतं. वर्तमानपत्रं रोज बदलली तरी बुरशी धरते. पहिले सहा नमुने काळे पडले. मग मावशींनी दाबणी उचलून चुलीवरच्या माळ्यावर ठेवली, जिथे त्या बियाण्याची कणसं ठेवतात. तीन दिवसांत कागद कडकडीत. फुलं मात्र दाबून चपटी होतात आणि कंदिलाचा आकार हरवतो, म्हणून ती वेगळी स्पिरिटच्या कुपीत ठेवावी लागतात. ते नमुने पुण्याच्या एका वनस्पतिसंग्रहालयात जुन्या शीटांशेजारी ठेवून ताडून पाहिले, तेव्हा जात पक्की झाली.

शेंगा धरल्या होत्या. जोडीनं, शिंगांसारख्या. दिवाळीची सुट्टी लागली की जाऊ, असं मी ठरवलं आणि गेले तेव्हा सगळ्या उकललेल्या, रिकाम्या. या बियांच्या डोक्यावर रेशमी केसांचा झुबका असतो. लहानपणी आपण ज्यांना म्हातारी म्हणून फुंकर मारायचो, तसाच. शेंग उकलली की ऊन चढेपर्यंत सगळ्या उडून जातात. अख्खं वर्ष गेलं. त्यातच बिया आणि कंद गोळा करायच्या परवानगीचा अर्ज एका कार्यालयात अडकून पडला होता. मी सात खेपा घातल्या. दर वेळी नवा कागद हवा असायचा. कायदा हवा आहे, त्याच्याशिवाय डोंगर ओरबाडले जातील हे मला मान्य आहे. पण वनस्पतीचं वेळापत्रक पावसावर ठरतं आणि शेंग कोणासाठी थांबत नाही, हे तिथल्या टेबलांपर्यंत पोचवायला मला फार वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी मलमलीच्या पुरचुंड्या शिवून नेल्या आणि सप्टेंबरच्या शेवटी प्रत्येक शेंगेवर एकेक बांधली. सगळ्या शेंगांवर नाही. अर्ध्या शेंगा डोंगराच्या म्हणून मोकळ्या सोडल्या. ऑक्टोबरअखेर नऊ पुरचुंड्यांत बिया मिळाल्या. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवल्या.

उगवण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. जूनमध्ये मुरूम, पालापाचोळ्याचं खत आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन ट्रेमध्ये चाळीस बिया पेरल्या. आठवड्याभरात कोंब दिसायला लागले, आणि महिनाअखेर एकतीस रोपं उभी होती. विद्यार्थी रोज मोजायचे. मग ऑगस्टमध्ये एका सोमवारी सकाळी सात रोपांचे नुसते दांडे उरलेले दिसले. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या जाड अळ्या उरलेल्या पानांवर बसलेल्या. रुईवर हमखास दिसणारं तांबूस फुलपाखरू, प्लेन टायगर, त्याच्या अळ्या. गोत एकच, त्यामुळे त्यांना हमण चालतं. एका विद्यार्थिनीनं औषध फवारू का विचारलं. आम्ही अळ्या हातानं उचलून आवारातल्या रुईवर नेऊन सोडल्या. दांड्यांना दोन आठवड्यांत नवी पानं फुटली. कंद जमिनीत शाबूत असला की वेल मरत नाही.

खरं नुकसान माझ्या हातून झालं, ते हिवाळ्यात. नोव्हेंबरमध्ये वेल पिवळे पडून वाळले. हमण तेव्हा झोपतं, पुढच्या पावसापर्यंत. हे मला माहीत होतं, वर्गात शिकवतही होते. पण कुंडी कोरडी ठणठणीत पाहवेना, म्हणून आठवड्यातून एकदा थोडं पाणी घालायला सांगितलं. फेब्रुवारीत एक कुंडी उलटी केली तर हातात आंबूस वासाचा लगदा आला. एकतीसपैकी एकोणीस कंद कुजले होते. त्या संध्याकाळी मी उरलेल्या बारा कुंड्या वरच्या मजल्यावरच्या कपाटाखाली नेऊन ठेवल्या आणि पाऊस पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. डोंगरावर तेव्हा वणवे लागलेले. गवत जळून काळं झालेलं, आणि त्या काळ्या जमिनीखाली कंद तसेच कोरडे, सुरक्षित झोपलेले. पाण्यावाचून राहणं ही त्यांची गरज आहे, एवढं ते वर्ष मला पक्कं शिकवून गेलं.

चौथ्या पावसाळ्यात बाराही कुंड्यांत कोंब आले, ऑगस्टमध्ये फुलं लागली. कॉलेजच्या व्हरांड्यात कंदील लटकले. लोक बघायला येत, मुलं चित्रं काढत. रोज वीसेक फुलं उमलायची, आणि रोज तेवढीच देठापासून गळून पडायची. सप्टेंबर गेला. एकही शेंग नाही. गळलेली फुलं चिरून बघितली तर आत मुंगी, धूळ, कधीतरी एखादं चिलट. परागांच्या पुड्या जागच्या जागी. माशी आलीच नव्हती.

म्हणून मी हातानं परागण करायला बसले. एका ब्रशचा एकच केस काडीला चिकटवला, फूल अर्धवट चिरलं, भिंगाखाली चिमटा त्या केसावर उचलला. तो निघतो. पुढचं अवघड. ती पुडी दुसऱ्या फुलातल्या एका अतिशय अरुंद फटीत, ठरावीक बाजूनंच आत सरकवावी लागते. माशीच्या धडपडीत जे आपोआप होतं, ते माझ्या हाताला दोन तासांत तीन फुलांपुरतं जमलं. पंधरा दिवसांत अठ्ठावीस फुलं केली. एका फुलाला शेंग धरली, करंगळीच्या नखाएवढी झाली आणि गळाली.

मावशींना हे सांगितलं, कारण तोवर मी त्यांना सगळंच सांगायला लागले होते. त्यांनी मॅडम म्हणणं सोडून ताई म्हणायला सुरुवात केली होती. म्हणाल्या, "मग हितं आणून ठिवा की. तुमच्या तिथं माश्या न्हाईत, हितं माश्याच माश्या." पाचव्या जूनमध्ये आठ कुंड्या त्यांच्या परसात, गोठ्याच्या कुडाला लावून ठेवल्या. मागे पाच-पन्नास पावलांवर करवंदीच्या जाळ्या आणि तिथून डोंगर सुरू. सप्टेंबरमध्ये आठांपैकी पाच वेलांवर शेंगा होत्या. मी फुलं चिरली. तीनात माश्या मिळाल्या, एकीच्या तोंडावर तोच पिवळसर जुळा ठिपका. कुडाशी उकिडवं बसून मी तो मावशींना भिंगातून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "एवढीशी माशी," म्हणाल्या, "आनि हिच्यावर अख्खा येल."

त्या काळात मी त्यांना पहिल्या दिवसाबद्दल विचारलं. कंद असा उकरून खाल्ला तर वेल संपणार नाही का? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. शेंग उकलल्याशिवाय त्यांच्याकडे कोणी हमण उकरत नव्हतं. तोवर कंद भरतही नाही, बेचव लागतो. माझ्यासाठी उकरला तो पाहुणी म्हणून. जाळीतला एक वेल घ्यायचा, बाकीचे ठेवायचे, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. "आता पोरं गुरांमागं जात न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यास्नी हमण म्हाईत न्हाई. म्हाईत नसलं की करवंदीबी तोडत्यात, कशाला ठिवायची?" माझ्या प्रस्तावात मी लिहिलं होतं की कंद खाणं हा या वेलाला असलेला धोका आहे. ते वाक्य मी अहवालातून काढलं आणि त्याजागी सरपणासाठी होणारी जाळीतोड, माळावर फिरणारे जेसीबी आणि दरसाल लावले जाणारे वणवे लिहिले.

गावची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, बरीचशी कोरीच होती. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी गावाची समिती आणि ही वही दोन्ही सांगितल्या आहेत, पण वही भरायला बसणारी माणसं लागतात. आम्ही शाळेच्या ओट्यावर तीन दुपारी बसलो. हमण, त्याचा मोसम, कधी उकरायचं, किती ठेवायचं, सगळं मावशींच्या आणि आणखी चार बायांच्या शब्दांत लिहिलं. नेमकी जाळी कुठली ते लिहिलं नाही; ते पाचही जणींना माहीत आहे, तेवढं पुरे आहे.

त्याच पाचव्या जूनमध्ये उरलेले चार कंद आणि बियांपासून वाढवलेली बावीस रोपं डोंगरावर लावली. शाळेची सातवीची मुलं बरोबर होती. प्रत्येक मुलाला एक जाळी. काट्यांत हात घालून, बोटभर खोल खड्डा, तळाला मुरूम, वर माती, आणि बाजूला खुणेचा दगड. हात ओरबाडले, कुणाच्या सदऱ्याची बाही फाटली. सहाव्या पावसाळ्यात पाहणी केली तेव्हा सव्वीसपैकी अकरा वेल वर आलेले होते. सहा जागी साळिंदरानं उकरल्याचे खड्डे आणि एका खड्ड्याशेजारी पडलेला काटा. बाकीच्यांचा पत्ता नाही. अकरा हा आकडा मला सुरुवातीला फार लहान वाटला. पण त्या अकरांत दोन वेलांना फुलं होती, आणि एका मुलानं आपल्या जाळीतलं फूल न तोडता, खाली वाकून, आतल्या माशीकडे बोट दाखवलं.

आता आम्ही याच पद्धतीनं एका दुर्मीळ जातीच्या बियांवर काम सुरू करतो आहोत. कुंड्या कॉलेजात नाहीत, तिच्या कड्याच्या पायथ्याशी एका घराच्या परसात आहेत, आणि दिवाळीनंतर तिथे कोणी पाणी घालणार नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस माझा तास चालू असताना मावशींचा फोन आला. एरवी त्या संध्याकाळी करतात. "ताई, शेंग पिवळी पडलीया, तडकंल आज-उद्या. तुमच्या पिशव्या संपल्या, म्हणून मी जुन्या लुगड्याचं फडकं बांधलंय. तीन बांधल्या. दोन तशाच सोडल्यात डोंगराला."